आठ ओळींच्या फिल्मची इस्लाह

हल्ली अनेक घरांत एक नवा प्रकार दिसतो. कालपर्यंत मोहल्ल्याच्या क्रिकेट टीममध्ये नाव लागावे म्हणून धडपडणारा मुलगा अचानक मोबाइलवर काहीतरी लिहीत बसतो आणि दोन दिवसांनी विचारतो, "एक फिल्मची स्टोरी लिहिलीये, वाचता का?" अब्बा बातम्यांवरून नजर हटवत नाहीत. अम्मी म्हणते, आधी अभ्यास. मोठा भाऊ नुसता हसतो. पाहुणे आलेले मामू "वा, सुपरहिट!" म्हणून मोकळे होतात. चौघांपैकी एकानेही ती गोष्ट वाचलेली नसते.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मुले निबंध सक्तीने लिहितात आणि अशा गोष्टी हौसेने. या गोष्टी बहुतेक मारधाडीच्या असतात. फिल्म पाहावी की नाही, किती पाहावी, कोणती पाहावी, याचे प्रत्येक घराचे आपापले नियम आहेत आणि तो या लेखाचा विषय नाही. पण मुलाने स्वतःच्या डोक्याने आठ ओळी लिहून समोर ठेवल्या असतील, तर त्या वाचून प्रामाणिक मत देणे हे मोठ्यांचे काम आहे. ते काम करायचे कसे, एवढेच इथे सांगायचे आहे.

पिच म्हणजे काय?

फिल्मी धंद्यात पूर्ण पटकथा कोणी आधी वाचत नाही. आधी ऐकतात ती 'पिच', म्हणजे अर्ध्या पानात किंवा पाच मिनिटांत सांगितलेले कथेचे बीज. मुंबईत पूर्ण कथा तोंडी सांगण्याला 'नरेशन' म्हणतात. ते पिच पसंत पडल्यानंतरचे काम.

पिचमध्ये सगळी कथा सांगायची नसते. ऐकणाऱ्याने "मग? पुढे काय?" असे विचारले की पिचचे काम झाले. म्हणून पिचवर मत देताना भाषेच्या चुका, संवाद, गाणी यांत शिरायचे नाही. बीज जिवंत आहे का, एवढेच पाहायचे. शेतकरी पेरणीआधी बियाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवतो आणि किती दाण्यांना कोंब फुटले ते मोजतो. कणीस कसे येईल याची चर्चा तो तेव्हा करत नाही.

चार ओळींचा 'शोले'

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. 'शोले' आधी फक्त चार ओळींचा होता. सलीम खान आणि जावेद अख्तर या जोडीने १९७३ मध्ये ती कल्पना निर्मात्यांना ऐकवायला सुरुवात केली. एका लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबाची हत्या होते आणि बदला घेण्यासाठी तो दोन माजी सैनिकांना कामावर ठेवतो, एवढेच त्यात होते. काहींनी नकार दिला. जी. पी. सिप्पी आणि त्यांचे चिरंजीव, दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी होकार दिला.

होकार देताना सिप्पींनी एक व्यवहाराची अडचण काढली. लष्कराची दृश्ये चित्रित करायची तर परवानग्या मिळणे कठीण. म्हणून लष्करी अधिकाऱ्याचा पोलीस अधिकारी झाला. दोन सैनिकही सैनिक राहिले नाहीत, ते दोन भुरटे गुन्हेगार झाले. वरवर पाहता ही कागदपत्रांची सोय होती. पण कथेचे काय झाले पाहा. सैनिक हुकमावर लढतो, त्याच्या लढण्यात नवल नाही. चोर पैशासाठी येतो. तो कोणत्याही क्षणी पळून जाऊ शकतो आणि तरीही थांबतो, तेव्हा प्रेक्षकाचा श्वास अडकतो. एका अडचणीतून जय-वीरूची सारी रंगत निर्माण झाली.

आता दुसरी गोष्ट. या चार ओळींना एक मोठे भोक होते. जो अधिकारी स्वतः इतका शूर आहे, त्याला भाड्याची माणसे लागतातच कशाला? कोणताही जागरूक श्रोता हा प्रश्न विचारणारच. पटकथेने तो प्रश्न लपवला नाही, उलट त्यावरच अर्धी फिल्म उभी केली. होळीच्या दिवशी गब्बरचा हल्ला होतो, बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली असते आणि तो ती उचलत नाही. जय-वीरू चिडतात. मग ठाकूर आपली कहाणी सांगतो आणि शालीखाली हात नाहीत हे कळते. पिचमधली सर्वांत कच्ची जागाच सर्वांत पक्की झाली. म्हणून मुलाच्या गोष्टीत भोक दिसले की "हे जमत नाही" म्हणून कागद परत करू नये. "याचे उत्तर काय?" असे विचारावे. कदाचित तिथेच त्याची फिल्म दडलेली असेल.

होकार मिळाल्यावर पटकथा सुमारे महिन्याभरात लिहून झाली आणि ३ ऑक्टोबर १९७३ रोजी बंगळूरजवळच्या रामनगर भागात चित्रीकरण सुरू झाले. रेल्वेवरच्या दरोड्याचे दृश्य मात्र आपल्या पनवेलजवळ चित्रित झाले आणि त्या एका दृश्याला सात आठवडे लागले. आमच्या उर्दू वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे जावेदसाहेब संवाद उर्दू लिपीत लिहीत, मग ते नागरीत उतरवले जात. आमचे विद्यार्थी रोमन अक्षरांत मराठी-उर्दू-हिंदीची खिचडी लिहितात आणि लाजतात. लाजण्याचे कारण नाही. ज्या भाषेत मन चालते, त्या भाषेत आधी लिहावे. लिपी नंतर बदलता येते.

'शोले'वर शेवटपर्यंत लोक मते देतच राहिले. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीचे दिवस होते, सेन्सॉर बोर्डाने हरकत घेतली आणि पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट करावा लागला. १५ ऑगस्ट १९७५ रोजी फिल्म लागली. सुरुवातीचा प्रतिसाद थंड होता, तेव्हा जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा का, यावर खल झाला. थोडे थांबून पाहू, असे ठरले. पुढे मुंबईच्या मिनर्व्हामध्ये ती पाच वर्षे चालली. २०२५ मध्ये मूळ शेवटाची दुरुस्त केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्या शहरात दाखवली गेली. म्हणजे एकाच फिल्मला मिळालेल्या सूचनांपैकी एक मानली आणि फायदा झाला, एक मानावी लागली, आणि एक मानली नाही हेच बरे झाले. मत देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. आपले मत म्हणजे फतवा नव्हे. लेखकाला ते नाकारण्याचा हक्क आहे.

ताशी वीस की पन्नास?

दुसरे उदाहरण परदेशातले. ग्रॅहम योस्ट या लेखकाला त्याच्या वडिलांनी १९८५ च्या 'रनअवे ट्रेन' या फिल्मबद्दल सांगितले. सांगताना त्यांची थोडी गल्लत झाली. गाडीत बॉम्ब असल्यामुळे ती थांबवता येत नाही, असे त्यांना वाटत होते. मुलाने फिल्म पाहिली तर त्यात बॉम्ब नव्हताच. मग त्याच्या मनात आले, बॉम्ब असता तर जास्त मजा आली असती, आणि रेल्वेऐवजी शहरातली बस असती तर? वेग ताशी वीस मैलांच्या खाली गेला की स्फोट. त्याने ही कल्पना एका मित्राला सांगितली. मित्र म्हणाला, वीस नको, पन्नास कर.

एवढीच सूचना. पण विचार करा. ताशी वीस मैल म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर. या वेगाची बस रिक्षालाही गाठता येते. पन्नास मैल म्हणजे ८० किलोमीटर. भरगच्च शहरात या वेगाने बस चालवत राहायचे तर प्रत्येक सिग्नल, प्रत्येक वळण, रस्ता ओलांडणारा प्रत्येक माणूस ही एकेक संकटे होतात. मित्राने कथा बदलली नाही, नवे पात्र घुसवले नाही, फक्त एक आकडा बदलला. चांगल्या सूचनेची हीच खूण आहे. ती लहान असते आणि तिच्यामुळे लेखकाच्या डोक्यात पुढची दहा दृश्ये आपोआप उभी राहतात.

पुढे एका स्टुडिओने ही कथा सोडली. दुसऱ्याने घेतली, पण अट घातली की सगळी फिल्म बसमध्येच नको. म्हणून सुरुवातीला लिफ्टचा आणि शेवटी भुयारी रेल्वेचा प्रसंग जोडला गेला. संवाद तर जॉस व्हेडन या दुसऱ्या लेखकाने बहुतांशी नव्याने लिहिले आणि योस्टने ते मोकळेपणाने सांगितलेही. १९९४ मध्ये 'स्पीड' या नावाने ती फिल्म आली.

उस्ताद आणि शागिर्द

हे सारे आपल्याला परके नाही. उर्दू शायरीत याला 'इस्लाह' म्हणतात. शागिर्द गझल लिहून उस्तादकडे नेतो, उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादा मिसरा सरळ करतो आणि कागद परत देतो. मिर्झा गालिब तर टपालाने इस्लाह देत. मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' हे त्यांचे लाडके शागिर्द. त्यांच्या नावची गालिबची पत्रे आजही वाचली जातात आणि कोणता शब्द का खटकला याची चर्चा त्यांत जागोजागी सापडते.

इस्लाहचा अलिखित नियम असा की शेर शागिर्दाचाच राहिला पाहिजे. उस्तादने सगळा शेर नव्याने लिहून दिला तर ती इस्लाह राहत नाही, ती खैरात होते, आणि खैरातीवर कोणी शायर होत नाही. मुलाच्या आठ ओळी ऐकून आपण "असं कर ना, हीरो पोलीस दाखव, त्याचा भाऊ दहशतवादी दाखव, मग शेवटी…" अशी स्वतःचीच फिल्म सांगू लागतो, तेव्हा हाच नियम मोडतो.

अब्बासभाईला काय हवे होते?

आता एक खराखुरा कागद पाहू. रत्नागिरीकडच्या एका बंदरातला, नुकतीच बारावी झालेला आमचा एक माजी विद्यार्थी पावसाळ्याच्या सुटीत घरी आला होता. मामू मच्छीमार बोटीवर तांडेल आहेत आणि हा सुटीत त्यांच्याबरोबर खलाशी म्हणून जातो. त्याने मोबाइलवर लिहिलेल्या ओळी त्याच्या परवानगीने इथे देतो आहोत.

"दुबईत रुद्र नावाचा कमांडो असतो. तो कोणालाच घाबरत नाही. अब्बासभाई हा मोठा डॉन असतो, त्याला भारत बर्बाद करायचा असतो. तो रुद्रच्या बहिणीला पळवतो. रुद्र शंभर गुंडांना मारतो. मग हेलिकॉप्टरमध्ये फायटिंग होते. रुद्रचा जिगरी दोस्त मरतो. शेवटी बॉम्ब फुटतो आणि अब्बासभाई मरतो."

आम्ही आधी ती गोष्ट आमच्या शब्दांत त्याला परत सांगितली. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. आपल्याला काय समजले हे लेखकाला कळते आणि काय सांगायचे राहून गेले हेही त्याचे त्याला उमगते. मग विचारले, "यातली कोणती ओळ लिहिताना मजा आली?"

तो म्हणाला, "दोस्त मरतो ती."

"का?"

"सर, गेल्या साली आमच्या बोटीवरून एक पोरगा रात्री पाण्यात पडला. माझा दोस्तच. मामूंनी बोट वळवली. डिझेल थोडंच उरलं होतं. बाकीचे म्हणत होते, आता सापडायचा नाही, चला. मामू काही बोलतच नव्हते, नुसते टॉर्च मारत होते. पाऊण तासाने सापडला."

तो दहा मिनिटे बोलत होता आणि आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. त्या आठ ओळींत यातले अवाक्षरही नव्हते. दुबई त्याने पाहिलेली नाही, कमांडो पाहिलेला नाही, हेलिकॉप्टर फक्त आकाशात पाहिलेले. काळोखात पाण्यावर फिरणारा टॉर्चचा झोत त्याने पाहिला होता आणि तोच त्याने बाहेर ठेवला होता.

मग आम्ही विचारले, "डॉनचे नाव अब्बास का?"

तो गोंधळला. "फिल्ममध्ये असंच असतं ना, सर."

या उत्तरापाशी आपण सर्वांनी थोडे थांबायला हवे. आमच्या या विद्यार्थ्याच्या सख्ख्या चुलत्याचे नाव अब्बास आहे. मोहल्ल्यात कोणाच्या घरी मय्यत झाली की सर्वांत आधी पोचणारा माणूस. पण मुलगा लिहायला बसतो तेव्हा शूर माणसाला आपल्यातले नाव देण्याचे त्याला सुचत नाही आणि दुष्ट माणसाला दुसरे नाव सुचत नाही. हे त्याला कोणी शिकवलेले नाही. ते त्याने पाहून पाहून उचलले आहे. बाहेरचा माणूस आपले चित्र कसे काढतो याबद्दल आपण तक्रार करतो आणि ती रास्तही आहे. पण आपल्या मुलाच्या हातातली पेन्सिलही तेच चित्र गिरवू लागली आहे, हे पाहायला घरातल्यांनी ती गोष्ट वाचावी लागते.

यावर उपाय म्हणून अब्बासचे नाव काढून दुसऱ्या समाजातले नाव घालायचे का? मुळीच नाही. त्याने अन्याय मिटत नाही, फक्त तो शेजाऱ्याच्या दारात जातो. आम्ही भाषण न देता एकच प्रश्न विचारला, "अब्बासभाईला काय हवे आहे?" तो म्हणाला, "भारत बर्बाद." "कशासाठी? त्यातून त्याला काय मिळणार? तो सकाळी उठून काय करतो? त्याला भीती कशाची वाटते?" एकाचेही उत्तर नव्हते. ज्या माणसाबद्दल लेखकालाच काही ठाऊक नाही, त्याला फक्त नाव चिकटवलेले असते. खलनायकाला गरज, हिशेब आणि भीती दिली की तो माणूस होतो, आणि मग त्याच्या नावावर काही अवलंबून राहत नाही.

इथे आम्ही त्याला 'शोले'तल्या इमामसाहेबांची आठवण दिली. ए. के. हंगल यांनी केलेले ते अंध इमाम आणि आपल्या सचिन पिळगावकरांनी केलेला त्यांचा मुलगा अहमद. जबलपूरला विडीच्या कारखान्यात नोकरीसाठी निघालेल्या अहमदला गब्बर मारतो. गाव घाबरून जय-वीरूला हवाली करायला निघते, तेव्हा मुलगा गमावलेला बापच गावाला उभे राहायला सांगतो. सव्वातीन तासांच्या फिल्ममध्ये या बापलेकांच्या वाट्याला मोजकी दृश्ये आहेत, पण गावाचे धैर्य त्यांच्यावर तोलले आहे. मुसलमान पात्र हीरोच असले पाहिजे असे नाही. ते माणूस असले पाहिजे.

दुसरा कागद

दोन आठवड्यांनी तो पुन्हा आला. यावेळचा कागद असा होता.

"३१ मेची रात्र. उद्यापासून दोन महिने मासेमारी बंद. एकोणीस वर्षांचा सलीम आणि त्याचे तांडेल मामू हंगामातली शेवटची फेरी करून परतत असतात. वायरलेसवर हाक येते, जवळच्या एका बोटीला आग लागली आहे. ती बोट चोरीचे डिझेल वाहत होती आणि तिच्यावर सलीमचा दोस्त होता. डिझेलचा मालक तोच, ज्याने मामूंना इंजिनासाठी कर्ज दिलंय. त्याला साक्षीदार नकोत. मामूंच्या बोटीत किनाऱ्यापुरतंच डिझेल आहे आणि वादळाचा इशारा आलाय. पाण्यात दोस्ताला शोधायचं की बोटीवरच्या सहा जणांना घरी न्यायचं?"

पहिल्या कागदाशी ताडून पाहा. ओळी जवळजवळ तेवढ्याच, पण आता वेळ ठरली आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, म्हणून ही रात्र शेवटची. साधन मोजके आहे, टाकीतले डिझेल. खलनायक परका नाही, त्याचे पैसे घरात आलेले आहेत. आणि शेवटच्या ओळीत असा पेच आहे की कोणतीही बाजू निवडली तरी काहीतरी हातचे जाणार. मालकाचे नाव त्याने अजून ठरवलेले नाही. घाई नाही, असे आम्ही सांगितले.

एक भोक होते. आम्ही विचारले, "कोस्ट गार्डला का कळवत नाहीत? १५५४ हा नंबर तर प्रत्येक खलाशाला पाठ असतो." तो लगेच म्हणाला, "खोल पाण्यात मोबाइलला रेंज कुठे, सर? वायरलेसवर बोललं तर सगळेच ऐकतात. डिझेलवालेसुद्धा." म्हणजे मदत मागितली की शत्रूला पत्ता लागणार. हे उत्तर आम्हाला कधीच सुचले नसते. ते बोटीवर राबलेल्या मुलालाच सुचते. सध्या तो पटकथा लिहितो आहे आणि डिप्लोमाचा अभ्यासही चालू आहे.

मारामारी कशासाठी?

मारधाडीच्या गोष्टीवर मत देताना एक प्रश्न विसरू नये. या हाणामारीनंतर काय बदलले? शंभर गुंड मेले आणि हीरो पहिल्यासारखाच उभा राहिला, तर काहीच बदलले नाही. प्रेक्षक तेवढ्यात चहा पिऊन येईल. 'शोले'तल्या रेल्वेच्या लढाईत ठाकूरला कळते की हे दोघे चोर असले तरी जखमी माणसाला टाकून पळणारे नाहीत. पुढे तो त्यांनाच का शोधतो, याचे उत्तर त्या लढाईत आहे.

आणि हिंसेचा हिशेबही विचारावा. मार लागला तर दुखते का? मेलेल्याच्या घरी कोणी रडते का? मुलांना हा प्रश्न नसीहत म्हणून नको असतो, पण लेखक म्हणून त्यांना तो लगेच पटतो. ज्या गोष्टीत कोणालाच दुखत नाही, तिथे प्रेक्षकाला भीतीही वाटत नाही.

ही वाक्ये टाळा

"हे तर अमुक फिल्मसारखे आहे." असेलही. जपानमध्ये १९७५ सालीच 'द बुलेट ट्रेन' ही फिल्म आली होती. गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या खाली गेला की बॉम्ब फुटणार, हीच तिची कल्पना. म्हणून 'स्पीड' फिकी पडली नाही. साम्य दाखवायचेच तर "मग तुझ्या गोष्टीत वेगळे काय?" हा प्रश्न त्याला जोडावा.

"यातून पोट भरणार आहे का?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याची वेळ वेगळी. गोष्टीवरचे मत आणि भवितव्याची चिंता एका ताटात वाढू नये.

"मस्त आहे, छान आहे." हे सर्वांत घातक, कारण त्यातून मुलाला काहीच हाती लागत नाही. काय मस्त आहे ते सांगावे. कोणत्या ओळीवर आपण थांबलो, कुठे लक्ष उडाले, एवढे सांगितले तरी पुरे. आणि एका बैठकीत एकच मोठी सूचना. सात चुका दाखवल्या की मूल एकही दुरुस्त करत नाही, कागदच फाडते.

गोष्ट चोरली तर?

पालक हे हमखास विचारतात. इथे कायदा थोडा समजून घ्यावा. आर. जी. आनंद यांचे 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू देल्ही' ही फिल्म यांवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले की नुसत्या कल्पनेवर, विषयावर कोणाचा कॉपीराइट नसतो. ती कल्पना ज्या रूपात, ज्या मांडणीत लिहिली जाते, त्या रूपावर असतो. म्हणून आठ ओळी हॉटेलात बसून दहा जणांना ऐकवण्यापेक्षा त्या वाढवून नीट लिहून काढणे हेच पहिले संरक्षण. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन सभासदांना आपले लिखाण ऑनलाइन नोंदवण्याची सोय देते. पाठवलेल्या प्रत्येक मसुद्याची तारीख आणि ईमेल जपून ठेवावा. आणि "तुमच्या मुलाची स्टोरी घेतो, आधी फी भरा" असे कोणी म्हटले, तर तिथेच खुदा हाफिज म्हणून उठावे. गोष्ट विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही.

सायकलवरचे डाकू

काही जण म्हणतील, आपल्या मुलांना कोण विचारतो? त्यांनी मालेगावकडे पाहावे. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्याच दोस्तांना घेऊन 'मालेगाव के शोले' बनवली. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांचे डाकू सायकलींवर आले आणि लोक हसून लोटपोट झाले. पुढे त्यांच्या सुपरमॅनवर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि या साऱ्या मंडळींवर रीमा कागती यांची 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये चित्रपटगृहांत लागली. सिप्पींना लष्कराची परवानगी नव्हती, नासिरभाईंना घोड्यांचे पैसे नव्हते. दोघांनीही अडचणीलाच कामाला लावले.

प्रत्येक मूल फिल्म बनवणार नाही आणि बनवावी असेही आमचे म्हणणे नाही. पण आठ ओळी लिहून त्या दुसऱ्याला दाखवणे, प्रश्न ऐकणे, रागावर ताबा ठेवून परत जाणे आणि दुसरा कागद घेऊन येणे, ही तालीम मुलाला वकिलीत, धंद्यात, नोकरीत, संसारात, कुठेही कामी येते. या महिन्यात घरातल्या एखाद्या मुला-मुलीने असा कागद पुढे केला, तर टीव्ही बंद करा. गोष्ट दोनदा वाचा. ती आपल्या शब्दांत परत सांगा. एक ओळ आवडली ती दाखवा, एक प्रश्न विचारा, आणि दुसरा कागद कधी आणणार याची तारीख ठरवून घ्या. त्या तारखेला तुम्हीही घरी असा.